प्रौढांना शिकवताना

मा. संपादक,

प्रौढांच्या प्रशिक्षणवर्गांत बहुधा शाळेचीच पद्धत वापरली जाते: एकाने बोलायचे, बाकीच्यांनी टिपून घ्यायचे. हातात काम असलेल्या आणि वर्षानुवर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला असे बसवणे म्हणजे त्याचा अनुभव दाराबाहेर ठेवायला सांगण्यासारखे आहे.

प्रौढांच्या शिक्षणाला 'अँड्रॅगॉजी' हा शब्द जर्मन शिक्षक अलेक्झांडर काप यांनी १८३३ मध्ये वापरला. पुढे अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी तो रूढ केला. हे आपल्याला का शिकायचे, हे प्रौढाला आधी कळावे लागते, या नोल्स यांच्या मुद्द्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर शिकवताना मेनूतील पर्याय क्रमाने दाखवण्याऐवजी शिकणाऱ्याची रोजची अडचण आधी विचारून तिथूनच सुरुवात केली, तर त्याचे प्रश्न आपसूक येऊ लागतात.

दुसरी गोष्ट उजळणीची. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले की, शिकलेल्यातील बराच भाग पहिल्या दिवसातच निसटतो. सलग आठ तासांच्या कार्यशाळेपेक्षा काही दिवसांच्या अंतराने घेतलेली छोटी सत्रे आणि प्रत्येक वेळी वही मिटून केलेली आठवण अधिक टिकते. (आयोजकांना एकदिवसीय कार्यशाळाच सोयीची वाटते, ही गोष्ट वेगळी.)

चुकण्याची लाज हाही मोठा अडथळा असतो. चारचौघांत चूक काढली, की मोठी माणसे गप्प होतात. म्हणून सराव आधी जोडीने करून घ्यावा.

आपला,
एक वाचक