होस्टवरून पाहायला शिकवणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. गेल्या महिनाअखेरीस रात्री साडेदहाला आपण फोन उचललात आणि साडेबारापर्यंत आमच्यासोबत थांबलात, त्याबद्दल आमच्या पतसंस्थेच्या संगणक विभागातर्फे हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, आमच्यासारखीच चूक आणखी कुणाकडून होत असेल, तर त्यांनाही आपल्या मार्गदर्शनाचा उपयोग व्हावा.

आमचा डेटाबेस व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टवर, म्हणजे एकाच वेळी अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीन (असाच एक आभासी संगणक) म्हणून चालतो. दिवसअखेरीचे काम तीन-तीन तास रेंगाळू लागले, तेव्हा आम्ही त्या मशीनचे व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) ४ वरून ८ आणि ८ वरून १२ केले, आणि दोन्ही वेळा काम अधिकच मंदावले. मशीनच्या आतल्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्क्यांवर जात नसल्यामुळे सगळा संशय स्टोरेजवर आला होता आणि नव्या स्टोरेजचे कोटेशनही मागवून झाले होते.

“होस्टवरून पाहिलंत का?” हा आपला पहिला प्रश्न होता. आम्ही पाहिले नव्हते. आपण मला ईएसएक्सटॉप हे होस्टवरची मोजमापे दाखवणारे साधन उघडायला लावलेत. आमच्या मशीनसमोर ‘रेडी’च्या रकान्यात १९२ हा आकडा पाहून मी घाबरलो, तेव्हा हा आकडा सगळ्या व्हीसीपीयूंचा मिळून असतो, त्याला १२ ने भागा, असे आपण शांतपणे सांगितलेत आणि माझा भागाकार होईपर्यंत थांबलात. उत्तर १६ टक्के आले. म्हणजे काम करायला तयार असलेला प्रत्येक व्हीसीपीयू दर २० सेकंदांतले ३.२ सेकंद होस्टच्या खऱ्या कोरची (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागाची) वाट पाहत ताटकळत होता, आणि हे ताटकळणे मशीनच्या आतून दिसत नव्हते. शेजारच्या ‘को-स्टॉप’चा अर्थही तेव्हाच उलगडला: काही व्हीसीपीयू फार पुढे गेले की मागे पडलेल्यांनी त्यांना गाठावे म्हणून होस्ट त्यांना थांबवून ठेवतो, आणि १६ कोरच्या होस्टवर इतर मशीनची गर्दी असताना १२ व्हीसीपीयूंची ही सांगड घालणे फार कठीण जाते. डिस्कच्या पडद्यावर स्टोरेजचा विलंब जेमतेम २ मिलिसेकंद निघाला. कोटेशन दुसऱ्याच दिवशी रद्द केले.

व्हीसीपीयू कमी करण्यासाठी मशीन बंद करावे लागते, म्हणून दिवसअखेर पूर्ण होऊ द्या, घाई करू नका, असे आपण बजावलेत. ते पुन्हा ४ वर आणल्यावर रेडी दर व्हीसीपीयूमागे २ टक्क्यांच्या आत आले आणि दुसऱ्या संध्याकाळी तेच काम ७० मिनिटांत उरकले.

दिवसअखेरीसाठी थांबणाऱ्या आमच्या ऑपरेटर ताई शेजारच्या गावी राहतात. साडेआठची शेवटची एसटी त्यांना आता रोज मिळते. त्यांनीही आपल्याला आवर्जून नमस्कार कळवला आहे.

आपला कृतज्ञ,
पतसंस्थेचा सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर