आमच्या लायब्रेरियन मॅडमना, त्या पुस्तकांबद्दल

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी आजोळच्या वाड्याच्या अकराही वारसांनी दुरुस्तीच्या कागदावर सह्या केल्या. वाडा पाडायचा नाही, दुरुस्त करायचा असं ठरलं. शेवटची सही बोरिवलीच्या मामांची. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला तुमचं टेबल आठवलं. काचेखाली जुनी तिकिटं ठेवलेलं, एका बाजूला परत आलेल्या पुस्तकांची चळत असलेलं.

हे पत्र तुम्हाला पोस्टाने पाठवतेच आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असंही ठेवते आहे. आर्किटेक्चरला नुकती गेलेली मुलं मला विचारतात, ताई, काय वाचू? मी जी नावं सांगते ती बहुतेक सगळी तुमच्या हातून माझ्याकडे आली. ती कोणी दिली हेही त्या मुलांना कळायला हवं.

दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या पेपरासाठी मी बॅनिस्टर फ्लेचर मागायला आले होते. बाप-लेकांनी मिळून लिहिलेलं, १८९६ साली पहिल्यांदा निघालेलं स्थापत्याच्या इतिहासाचं ते जाडजूड पुस्तक. तुम्ही ते दिलंत, पण आधी स्वतः उघडून एका चित्रावर बोट ठेवलंत. स्थापत्याचा वृक्ष. मुळाशी भूगोल, हवामान, धर्म वगैरे. खोड ग्रीस आणि रोमचं, त्यातून वर युरोपातल्या एकामागून एक शैली. आणि खाली बाजूला काही फांद्या, ज्या पुढे वाढतच नाहीत. त्यांवर भारत, चीन, जपान, मेक्सिको, पेरू अशी नावं. तुम्ही म्हणालात, "कोणती फांदी कुठे थांबवली आहे ते आधी बघ. मग वाच."

आदल्याच महिन्यात आमची कार्ल्याच्या लेण्यांना सहल गेली होती. त्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. कातळात कोरलेल्या छताला आधाराची काही गरज नाही, तरी त्या तिथे आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षं. लाकडात बांधणाऱ्या हातांनी दगडात शिरताना आपली सवय सोबत नेली, हे मान वर करून बघितलं की कळतं. आणि फ्लेचरच्या १९०१ च्या आवृत्तीत आपल्या या सगळ्या बांधकामाला 'अनैतिहासिक' शैलींच्या भागात टाकलेलं. मला राग आला. पुस्तक परत करते म्हणाले. तुम्ही ते करू दिलं नाहीत. त्यातले प्लॅन आणि सेक्शन (इमारतीचे आडवे-उभे छेद) शिकण्यासारखे आहेत, ते घे, पण झाड कोणी काढलं ते विसरू नकोस, असं म्हणालात. (त्याची एकविसावी आवृत्ती २०२० साली दोन खंडांत आली. ती अनेक देशांतल्या अभ्यासकांनी नव्याने लिहिली आहे. आताच्या मुलांनी तीच बघावी.)

चित्रसुद्धा बाजू घेतं, आपल्याशी वाद घालतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग थिसीसची ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोर आपलं काम मांडायचा दिवस. चाळीस स्लाइड, पाठ केलेलं इंग्रजी, आणि माझं खरं म्हणणं सदतिसाव्या स्लाइडवर. तिथवर पोचायच्या आत वेळ संपली. मी लायब्ररीत येऊन कोपऱ्यात बसले तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत. चहा सांगितलात आणि माहिती चित्रांतून कशी मांडावी यावर लिहिणाऱ्या एडवर्ड टफ्टी यांचा पॉवरपॉइंटवरचा छोटा निबंध पुढे ठेवलात. २००३ चा आहे तो. त्यात कोलंबिया या अमेरिकन अवकाशयानाबद्दलच्या एका स्लाइडची चिरफाड आहे. उड्डाणाच्या वेळी उष्णतारोधक फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. धोका किती, हे इंजिनिअर लोकांनी स्लाइडवर मांडलं. मथळा दिलासा देणारा. आणि पार तळाशी, बारीक अक्षरात, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: चाचण्या ज्या तुकड्यांवर झाल्या त्यांचं आकारमान ३ घन इंच, आणि हा तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना यान फुटलं आणि कल्पना चावलांसह सात जण गेले. अपघात त्या एका स्लाइडमुळे झाला असं कोणी म्हणत नाही, पण चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात तिची दखल घेतली. मी शाळेत असताना आमच्या वर्गाच्या भिंतीवर कल्पना चावलांचा फोटो होता. ते वाचून झाल्यावर माझ्या सदतिसाव्या स्लाइडबद्दल मला वेगळंच वाईट वाटलं. माझ्या चुकीने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण चूक त्याच जातीची होती.

त्यानंतर टफ्टींचंच १९८३ चं आकडेवारीच्या चित्रांवरचं पुस्तक. घर गहाण ठेवून त्यांनी ते स्वतः छापलं होतं. त्यात मिनार यांचा नकाशा आहे, नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचा. रस्ते आणि पूल बांधणारा हा फ्रेंच इंजिनिअर. १८६९ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी त्याने तो काढला. जाणाऱ्या फौजेचा एक पट्टा आहे, एक मिलिमीटर रुंदी म्हणजे दहा हजार माणसं. नेमन नदीपाशी ४,२२,००० निघाले, मॉस्कोला १,००,००० पोचले, परत आले १०,०००. परतीचा पट्टा काळा, आणि त्याच्याखाली उतरत गेलेलं तापमान. कुठे शोकाचा एक शब्द नाही. बेरेझिना नदी ओलांडताना तो पट्टा एकदम अर्ध्यावर येतो, तिथे अजूनही माझं बोट थांबतं.

फ्लेचरच्या झाडाशेजारी हा नकाशा ठेवून बघ, असं तुम्ही सांगितलंत. झाडाने निकाल आधीच लावून टाकला होता. मिनारने मोजमाप समोर ठेवलं आणि निकाल बघणाऱ्यावर सोडला. वर्गात पाच वर्षांत हे मला कोणी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं.

लेखनाबद्दल मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, इंग्रजी पुस्तक मिळेल. मानसशास्त्रज्ञ चाल्डिनी यांचं १९८४ चं मन वळवण्यावरचं पुस्तक दिलंतही, पण "हे स्वतःला वाचवण्यासाठी वाच" अशी ताकीद देऊन. माल थोडाच उरलाय म्हटलं की माणूस घाई करतो, शेजाऱ्याने घेतलं की आपणही घेतो, हे त्यात नीट उलगडलं आहे. मला ते आवडलं, पण कामात ते मी वापरत नाही. ज्यांच्याशी पुढची वीस वर्षं लग्नामुंजीत भेटायचं आहे, त्यांच्यावर असे डाव टाकावेत असं मला वाटत नाही.

त्याच दिवशी तुम्ही 'शेतकऱ्याचा असूड' दिलात. जोतिरावांनी १८८३ मध्ये लिहिलेला. सुरुवातीच्या त्या ओळी मी भाषणस्पर्धांत शंभरदा ऐकल्या होत्या, पण त्या बांधल्या कशा आहेत ते तुम्ही दाखवलंत. विद्येविना मती, मतीविना नीती, नीतीविना गती. आधीच्या ओळीचा शेवट हीच पुढच्या ओळीची सुरुवात. दगडी जिन्याची पायरी खालच्या पायरीवर टेकून बसते तशी. मधली एकही काढता येत नाही. आणि हे पुस्तक जोतिरावांनी गावोगाव लोकांना वाचून दाखवलं होतं. ओतूरला, हडपसरला, जुन्नरला. ऐकणाऱ्याच्या कानावर घासून आलेली भाषा आहे ती. तेव्हापासून मी कुठलाही अर्ज, कुठलाही अहवाल आधी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते. बहुतेक वेळा आईला. ती जिथे मान वर करून बघते, ते वाक्य मी पुन्हा लिहिते.

म. श्री. माटे यांचं मराठा स्थापत्यावरचं १९५९ चं पुस्तक आणि डॅनिश आर्किटेक्ट रासमुसेन यांचं वास्तूच्या अनुभवावरचं, हीही तुम्हीच दिलीत. रासमुसेन रोममध्ये एका चर्चच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारून खेळणारी पोरं बघत बसतात आणि त्या पोरांना भिंतीची गोलाई कशी अंगाने कळते ते लिहितात. ते वाचल्यापासून वाड्याच्या चौकात पोरं कुठे पळतात, कुठे टेकतात, हे मी बघायला लागले.

आता वाड्याचं सांगते. वारसांपैकी सात जणांचं मत पाडून बिल्डिंग बांधावी असं होतं, आणि त्यांची कारणं खोटी नव्हती. लाकूड कुजलंय, पावसाळ्यात राहता येत नाही. मी पहिल्या बैठकीला पेशवाई, वारसा, संस्कृती असं बरंच बोलले. कोणी हललं नाही. दुसऱ्या बैठकीला एकच कागद नेला. वाड्याचा प्लॅन, त्यावर सगळे अठ्ठावीस खांब. धड ते काळे, कुजलेले लाल. लाल पाच होते, आणि पाचही एका ओळीत. त्या ओळीच्या वर निळ्या रेघेने फक्त पन्हळ दाखवली होती, जी वीस वर्षांपासून गळते आहे. मागच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं तेव्हापासून आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, चुन्याच्या गिलाव्यातून पडायचं, हे एका वाक्यात लिहिलं होतं. खाली दुरुस्तीचा खर्च आणि त्याशेजारी प्रत्येकाचा वाटा, मोठ्या अक्षरात. मी काही बोलले नाही. कागद सतरंजीवर पसरला आणि बाजूला बसले.

मामी वाकून बघत होत्या. त्यांनी त्या लाल टिंबांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे वाडा नाही कुजलेला. पन्हळ गळकी आहे."

सह्यांना त्यानंतर चार महिने लागले. पण बोलणं त्या दिवशी बदललं.

दिवाळीनंतर काम सुरू होईल. पहिला नवा खांब बसेल तेव्हा तुम्ही यायचं आहे. एसटी स्टँडवर मी स्वतः घ्यायला येईन, आणि चौकात तुळशीजवळ, जिथे दुपारी ऊन येत नाही, तिथे तुमची खुर्ची मांडून ठेवीन. माट्यांचं पुस्तक माझ्याकडे जरा जास्तच राहिलं, ते तेव्हा हातात देते.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
थिसीसच्या वर्षी खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी विद्यार्थिनी