किंग्ज सर्कलच्या काकांना, स्टुलाबद्दल

काका,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं. फोन नंबर मागितला तर तुम्ही म्हणालात, "इथंच असतो, जातो कुठं." म्हणून हे असं उघड पत्र. माटुंग्याला महेश्वरी उद्यानाच्या कडेला झाडाखाली जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लावून जे बसतात, त्यातले तुम्ही एक. तुमच्या ओळखीच्या कुणाच्या नजरेस हे पडलं तर त्यांनी तुम्हाला वाचून दाखवावं. खूण सांगते. गेल्या महिन्यातला रविवार, काळा चष्मा लावलेले एक वयस्कर गृहस्थ, आणि सोबत सारखी घड्याळ बघणारी त्यांची मुलगी. ती मी.

अण्णा चाळीसगावचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डोंबिवलीला माझ्याकडे आले होते. पट्टी निघाल्यावर पहिले दोन दिवस ते घरभर फिरून रंग बघत होते. माझी निळी बादली बघून म्हणाले, "ही नवी घेतलीस का?" बादली सहा वर्षांची. मोतीबिंदूनं सगळ्यावर पिवळट झाक येते, निळा-जांभळा आधी मरतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता अण्णांनी एकदम विचारलं, "वेताळ जांभळाच होता ना गं? मला करडा आठवायला लागलाय."

मला आधी कळलंच नाही कुठला वेताळ.

तो इंद्रजाल कॉमिक्समधला, म्हणजे इंग्रजीतला फँटम, अंगभर घट्ट पोशाख घालणारा जंगलातला नायक. टाइम्स समूहानं १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलेली आणि १९९० साली बंद केलेली ती चित्रकथांची मालिका. मराठीतही निघायची. चाळीसगावला एका वाचनालयात दहा पैसे भाडं देऊन तिथंच बाकावर बसून वाचायची, घरी न्यायची तर वीस पैसे. अण्णांनी पुढं स्वतःचे शंभराच्या वर अंक जमवले होते. ते नोकरीसाठी नाशिकला गेले आणि मागं आजीनं सगळे रद्दीत घातले, त्या पैशांत थोडी भर टाकून पुरणयंत्र घेतलं. ते पुरणयंत्र आमच्याकडे अजून आहे. दर होळीला अण्णा त्याच्याकडे एकदा तरी रोखून बघतात.

त्यांना हवा होता तो अंक कुठला, तर नाव आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एक बेट आहे, तिथं वाघ-सिंह मासे खातात आणि हरणांच्या शेजारी झोपतात. आणि वेताळ तिथं सुट्टीवर असल्यासारखा बसलेला असतो.

आता तुमच्याकडे येण्याआधी आम्ही कुठं कुठं जाऊन आलो ते सांगते, म्हणजे मी एवढं का लिहितेय ते कळेल.

आधी एका चकचकीत कॉमिक्सच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात पुतळे, भिंतीवर टी-शर्ट, पुस्तकं त्या मानानं कमीच. काउंटरवरच्या मुलाला मी म्हटलं, फँटम आहे का जुना? तो म्हणाला, "फँटम म्हणजे ती सिगारेटची गोळी ना?" अण्णा हसले. मला नाही हसू आलं. अण्णांनी जाता जाता एक पुस्तक उचलून चाळलं तर मागून आवाज आला, "अंकल, प्लीज, हात नका लावू." पुस्तकाच्या दुकानात.

मग एकाला ऑनलाइन आठशे रुपये आगाऊ पाठवले. 'मराठी, पूर्ण अंक, गॅरंटी' असं लिहिलं होतं त्यानं. आला तो हिंदी. वेताळाचा वेताल होऊन आला! परत करायला फोन केला तर तो नंबर आजतागायत व्यस्त आहे.

पण खरं लागलं ते तिसऱ्या ठिकाणी. उपनगरात एका संग्राहकांच्या घरी गेलो होतो. माणूस जाणकार, त्यात शंका नाही. कपाटभर इंद्रजाल, प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, मागं पुठ्ठा, वर चिकटपट्टी. बेटावरचा वाघ म्हटल्याबरोबर त्यांनी एक इंग्रजी अंक काढून दाखवला. किंमत साडेतीन हजार. अण्णा म्हणाले, "एक पान बघू का आतलं?" ते म्हणाले, "उघडला की भाव उतरतो हो. घेणार असाल तर तुमचा, मग काय ते करा." अण्णांनी हात पाठीमागे बांधले. शाळेतल्या मुलाला मास्तरांनी झापल्यावर तो बांधतो ना, तसे. आणि पुढची वीस मिनिटं ते गृहस्थ कपाट दाखवत होते तोवर अण्णांनी ते हात सोडले नाहीत. मी सोबत होते आणि मी काही बोलले नाही, हेही इथं लिहून टाकते.

घरी येऊन मी टॅबवर एक स्कॅन केलेला अंक उघडून दिला. म्हटलं, घ्या, फुकट, मोठा करून बघा. अण्णांनी चार पानं बघितली आणि टॅब परत दिला. "हे सरकतं. उलटत नाही."

तर अशा तीन फेऱ्या झाल्यावर त्या रविवारी स्लो लोकलनं आम्ही माटुंग्याला उतरलो. खरं तर मला त्यांना फिल्टर कॉफी पाजून घरी न्यायचं होतं. तुमच्या थप्पीपाशी थांबलो ते अण्णांना दम लागला म्हणून.

तुम्ही विचारलं, "काय हवंय साहेब?" अण्णा आयुष्यभर पोस्टात टपाल वेगळं करायच्या खात्यात होते, त्यांना कुणी साहेब म्हणत नाही. ते गडबडून म्हणाले, "काही नाही, ते... वाघ मासे खातो ते." आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मराठीत वाचलेलं की इंग्रजीत?"

बास. मला तिथंच कळलं की आम्ही बरोबर जागी आलोय.

तुम्ही ताडपत्रीखालून एक खोकं ओढलं. खाकी कागदात बांधलेला जाड गठ्ठा, कुठल्या तरी वाचनालयानं पाच अंक एकत्र शिवून केलेला. पहिल्याचं मुखपृष्ठ गायब, प्रत्येक तिसऱ्या पानावर जांभळा गोल शिक्का, बाइंडरनं कडा कापताना वरच्या संवादांच्या फुग्यांतले शब्दही कापलेले. त्या संग्राहकांनी हा गठ्ठा चिमट्यानंसुद्धा उचलला नसता.

मी सवयीनं विचारलं, "केवढ्याला?" तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. तुम्ही उठलात. बसायचं ते निळं प्लॅस्टिकचं स्टूल हातानं पुसलंत, उचलून झाडाच्या सावलीत ठेवलंत आणि अण्णांना म्हणालात, "आधी वाचा. भावाचं मागनं बघू." मग कालचा पेपर उलगडून त्यांच्या मांडीवर पसरलात. "कागद कडक झालाय. पान सुटलं तर खाली मातीत नको जायला."

अण्णांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला, वाचायचा लावला, आणि वाचायला लागले. मनात नाही, ओठ हलवत. मी त्यांना असं वाचताना कधी बघितलं नव्हतं.

सातव्या-आठव्या पानाला ते झालंच. अण्णांनी पान उलटलं आणि ते शिवणीपासून सरळ त्यांच्या हातात आलं. अण्णा जागच्या जागी थिजले. ते पान हातात धरून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. मी पर्स उघडायला लागले होते. माझ्या डोक्यात साडेतीन हजारच फिरत होते.

तुम्ही कुणाला तरी दहावीची गाइडं काढून देत होतात. मान वर करून बघितलंत आणि म्हणालात, "सुटायचंच होतं ते. पेपरवर ठेवा आणि पुढं वाचा, आता बेट येईल."

काका, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. बाकी सगळं पुढचं-मागचं.

अण्णांचे खांदे खाली आले ते मी बघितलं. त्यांनी ते पान पेपरवर नीट ठेवलं, वर तळहात फिरवला, आणि पुढचं पान उलटलं. पस्तीस-चाळीस मिनिटं ते तिथं बसले होते. तेवढा वेळ तुम्ही उभे. मध्ये एकदा तुम्ही गुडघा दाबलात, मग झाडाला टेकलात. एक बाई स्टुलामागची थप्पी बघायला म्हणून आल्या तर त्यांना म्हणालात, "पलीकडून या ताई, ते वाचतायत." जसं काही अण्णा तिथं कामावरच होते!

आणि तुमची ती रविवारची मंडळी. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा शोधायला आलेला तो दाढीवाला कॉलेजचा मुलगा, आणि आपल्याकडचे डबल अंक पिशवीत घालून बदलाबदलीला आलेले ते बँकेतून रिटायर झालेले काका. अण्णांच्या हातातलं बघून दोघंही तिथंच रेंगाळले. अण्णा मान वर न करता म्हणाले, "जांभळाच आहे." झालं, बँकवाले काका सुरू झाले. म्हणे सुरुवातीच्या अंकांत इथं तो निळा छापायचे, जांभळा नंतर झाला. अण्णा म्हणाले, "म्हणजे मला दोन्ही आठवतात ते चूक नाही?" "मुळीच नाही." मग वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालसारखं वाटेल म्हणून आपल्याकडे डेंकाली केलं, आणि समुद्री चाच्यांच्या सिंग टोळीचं सिंगा केलं, इथपर्यंत गाडी गेली. तो मुलगा कान देऊन ऐकत होता. त्यानं विचारलं, "पण वाघ मासे का खातो?" तर तिघं एकदम सांगायला लागले, की वेताळानं पिल्लांना लहानपणापासून तशीच सवय लावली होती. तुम्ही गाइडांचे पैसे मोजता मोजता. साठीच्या पुढचे तीन जण एका मुलाला वाघाच्या जेवणाबद्दल सांगतायत, आणि प्रत्येकाला वाटतंय दुसरा नीट सांगत नाहीये.

ऑपरेशन झाल्यापासून अण्णा इतकं कुणाशी बोलले नव्हते. खरं तर आई गेल्यापासून.

इंद्रजालमधल्या बहादूरचं नाव निघालं तेव्हा बँकवाले काका एक गोष्ट सांगत होते, ती मला माहीत होती पण तिचा संबंध कधी लावला नव्हता. बहादूर म्हणजे डाकूचा मुलगा, भगवा कुर्ता आणि जीन्सवाला. त्याला ज्यांनी जन्माला घातलं ते आबिद सुरती गेली कित्येक वर्षं मीरा रोडला रविवारी प्लंबर सोबत घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देतात. २००७ पासून. तुम्ही त्यावर म्हणालात, "बरंय की, नळ गळतो तर वायसर बदलायचा." मला हसू आलं तेव्हा. पण परत येताना गाडीत तेच डोक्यात होतं. वायसर केवढ्याचा असतो? आणि स्टूल? त्या तीन ठिकाणी आमच्याशी कुणी वाईट वागलं असं म्हणता यायचं नाही, आठशे रुपयेवाला सोडला तर. जो तो आपापला माल सांभाळत होता. माल तर तुमचाही होता. सहा फुटांच्या फुटपाथावर, ताडपत्रीखाली, पाऊस आला की भिजणारा. तुम्हाला सांभाळायचं कारण त्या सगळ्यांपेक्षा जास्त होतं.

वाचून झाल्यावर अण्णांनी भाव विचारला. तुम्ही दोनशे म्हणालात. मला वाटलं होतं अण्णा सवयीनं दीडशे म्हणतील, ते भाजी घेतानाही म्हणतात. त्यांनी गुपचूप दोनशे काढून दिले. तुम्ही सुटं पान मध्ये घालून, वर तोच पेपर गुंडाळून, सुतळीनं बांधून दिलंत आणि बजावलंत, "चिकटपट्टी लावू नका. पाच वर्षांनी ती कागद घेऊनच निघते. शिवता आलं तर शिवा."

शिवलंय. मी शिवलं, गोधडीच्या सुईनं, पांढऱ्या दोऱ्यानं. थोडं वाकडं आलंय.

गठ्ठा आता चाळीसगावला आहे. अण्णा रात्री जेवण झाल्यावर एक अंक वाचतात, पाच झाले की परत पहिल्यापासून. शेजारचा नातवाएवढा मुलगा येऊन बसतो, त्याला वाचून दाखवतात. कापलेल्या फुग्यांतले शब्द पदरचे घालतात. परवा फोन केला तर म्हणाले, पाचव्या अंकाची शेवटची दोन पानं नाहीयेत, जादूगार मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार एका बुरुजात अडकून पडलेत, आणि तो मुलगा रोज विचारतो की ते सुटले का. "त्या भल्या माणसाला विचार, त्याच्याकडे डबल असेल का."

तर तपासणीसाठी अण्णा पुढच्या महिन्यात परत येतायत. दुसऱ्या रविवारी आम्ही माटुंग्याला उतरू, साडेदहाच्या सुमारास. शेवटची दोन पानं मिळाली तर बाजूला काढून ठेवा, कुठल्याही अवस्थेत चालतील. अण्णांनी लाडू करून आणायचं ठरवलंय, तुम्हाला आणि बँकवाल्या काकांना, त्या मुलालाही.

आणि स्टूल या वेळी मी घेऊन येतेय. तुमचं तुम्हाला राहू द्या.

तुमची,
घड्याळ बघणारी मुलगी
डोंबिवली