खुर्ची दिली, चालवायचे कोण शिकवणार?

तालुक्यातील शिबिरात व्हीलचेअर वाटल्याची बातमी वाचली. उपक्रम चांगलाच; पण खुर्ची ढकलणाऱ्या घरच्या माणसालाही तिथेच अर्धा तास शिकवायला हवे. आम्ही वडिलांना उतारावरून सरळ नेले आणि ते पुढे घसरले. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, पाठीकडून उतरवायची, हे नंतर कळले. बसता-उठताना दोन्ही ब्रेक लावून पायाची फळी वर करायची, हेही कुणी सांगितले नव्हते. पावसाळ्यात तर आमच्या काळ्या मातीत पुढची लहान चाके रुततातच. तेव्हा खुर्ची मागे कलवून मोठ्या चाकांवर ओढावी लागते. रॅम्पला फूटभर उंचीसाठी 12 फूट लांबी लागते. गावातल्या शाळेचा जेमतेम 4 फुटांचा आहे.

– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा