पावसाच्या आत पोहोचा

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई
१२ मे २०२६

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू सांगितलेस की कोलकात्याहून गीतांजली एक्स्प्रेसची ६ जूनची तिकिटे झाली आणि सामानाचा ट्रक त्याआधी निघेल. मी नुसते "बरं" म्हटले, तर तू लगेच रागावलीस का म्हणून विचारलेस. तिकिटांवर रागावण्यासारखे काही नव्हते. जे काही होते ते तुझ्या पुढच्या वाक्यात होते, की थोडे दिवस आपल्याकडे राहून मग तुम्ही भांडुपला किंवा मुलुंडला भाड्याने जागा घेणार. त्यावर तुझे बाबा आणि मी बरेच बोललो, आणि तुमचे बरोबर आहे असेच शेवटी दोघांचेही मत पडले. तेव्हा हे पत्र त्याच्या विरोधात नाही. मिनूच्या छातीविषयी तर मी या पत्रात लिहायचेच नाही असे ठरवले आहे, कारण त्यात स्वातीला माझ्यापेक्षा जास्त कळते.

कागदपत्रांची कामे तुला सांगायला नकोत, तरी सांगते. स्कूटरसाठी तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र निघण्याआधीच हातात घे, कारण इथे बारा महिन्यांच्या आत नवा नंबर घ्यावा लागतो आणि एकदा तिथून निघालात की त्या कागदासाठी कोलकात्याला खेटे घालणे होणार नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून पावती घ्या. मिनूच्या शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड आणि डॉक्टरांची सगळी कागदे एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी ट्रकमध्ये मुळीच जाऊ देऊ नका. सामान बांधायला माणसे येतील त्या दिवशी मिनूला शेजारच्या मासींकडे ठेवा. माळ्यावरची वर्षानुवर्षांची धूळ त्या एका दिवसात खाली येते, आणि तिचा श्वासाचा पंप नेमका त्याच दिवशी कुठल्या तरी खोक्यात बांधला जातो. बघ, ठरवून बसले होते तरी आलेच.

तुला वाटते तेवढी मी काळजी उगाच करत नाही. मागच्या खोलीची पश्चिमेची भिंत तुला आठवत असेल. आपला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे ती भिंत सगळ्यांत आधी भिजते आणि दिवाळी आली तरी पुरती सुकत नाही. या वर्षी गळती थांबावी म्हणून गच्चीवर नवा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) घालायचे सोसायटीत ठरले होते, पण पुनर्विकास होणारच आहे, मग खर्च कशाला, असे म्हणून निम्म्या लोकांनी वर्गणी दिली नाही. शेवटी भेगांमध्ये सिमेंट भरून वर ताडपत्री टाकायची, एवढ्यावर मिटले. बाबा त्या दुखऱ्या पायाने रोज गच्चीवर जाऊन बघून येतात, आणि मी काही बोलले की कामगारांना चहा द्यायला गेलो होतो म्हणतात. आपल्या खिडकीच्या छज्जाखालचे पोपडे त्यांनी स्वतः खरवडून काढले. आत विटेपर्यंत ओल आहे. हात लावला तर मे महिन्यातही गार लागते. त्यावर गिलावा झाला आहे, पण रंग मी देऊ दिलेला नाही, कारण रंगाने ओल झाकते, जात नाही. तुम्ही याल तेव्हा मिनू आणि स्वाती पुढच्या खोलीत झोपतील, आम्ही दोघे मागे. याबद्दल चर्चा नको.

कोलकात्यातही पाऊस आणि दमटपणा आहेच, असे तू म्हणशील. आहे, पण मिनूला तिथे त्रास झाला तो थंडीच्या धुरकट दिवसांत. मुंबईत वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि त्या चार महिन्यांत गादी, उशी, कपाटातल्या शाली असे काहीच कोरडे राहत नाही. मोसमी पावसाची मुंबईची तारीख ११ जून धरतात, परंतु गेल्या वर्षी तो २६ मेलाच येऊन थडकला, त्यामुळे ७ जूनला पावसाआधी पोहोचण्याच्या तुझ्या हिशेबावर माझा भरवसा नाही.

तुझ्या लहानपणीचे तुला फारसे आठवत नसेल. १९९७ सालच्या जुलैत तू सात वर्षांचा होतास आणि त्याच भिंतीशी तुझी गादी असे. रात्री आडवा झालास की धाप लागायची, म्हणून मी भिंतीला उशी लावून तुला मांडीवर बसता ठेवत असे. डॉक्टर सकाळी विचारायचे की रात्री कितपत त्रास झाला, आणि मला ते नेमके सांगता येत नसे. मग मी तुला सातचा पाढा म्हणायला लावू लागले. एरवी तू एका श्वासात सात दाहे सत्तरपर्यंत जायचास. त्रास वाढला की सात चोक अठ्ठावीसला थांबून श्वास घ्यायचास, आणि एका रात्री सात दुणे चौदाच्या पुढे तुला जाता येईना, तेव्हा बाबांनी तुला टॉवेलात गुंडाळून खांद्यावर घेतले आणि आम्ही रिक्षा शोधत हमरस्त्यापर्यंत पळत गेलो. रिक्षातही तू आपला पाढा पुरा करायला बघत होतास. इतकी शिस्त वर्गातल्या चाळीस मुलांना मी कधी लावू शकले नाही, हे बाबांनी सगळ्या नातेवाइकांना सांगितले आहे. मिनूला पाढे येत नसतील तर गाणे चालेल. एका श्वासात ती कुठपर्यंत जाते ते एकदा बरे असताना ऐकून ठेव, म्हणजे बिघडल्यावर फरक कळेल.

आता भाड्याच्या जागेविषयी. सगळ्यांत वरचा मजला घेऊ नकोस आणि तळमजलाही नको. मे महिन्यात नव्याने रंगवलेली खोली दाखवली तर तिथले कपाट सरकवून मागची भिंत बघ, वरच्या घराचे न्हाणीघर नेमके कुठे येते ते विचार आणि त्याच्याखालचा छताचा कोपरा बघ. दोन्ही बाजूंना खिडक्या असाव्यात, म्हणजे दोरीवरचे कपडे घरातच कुबट होणार नाहीत. करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी करावीच लागते, "नंतर करू" म्हणणाऱ्या मालकाकडे जाऊ नकोस. शाळेच्या सवयीने मी तुला पुन्हा वर्गात बसवले, याबद्दल क्षमा कर. कोलकात्यात अनोळखी गावात तुम्ही दोघांनी घर उभे केलेत, मध्यरात्री दोनदोनदा मिनूला दवाखान्यात नेलेत आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळवलेत. तेव्हा मी चिडले होते, पण आम्हाला जागरण नको म्हणून स्वातीने थांबवले होते हे कळल्यावर मला तुम्हा दोघांचे फार कौतुक वाटले. ते मी तिला सांगितलेले नाही, तू सांग.

मिनूच्या शाळेची चिंता करू नकोस. ३१ डिसेंबरला तिला सहा वर्षे पूर्ण होत असल्याने पहिलीत प्रवेश मिळेल. २०२० च्या कायद्याने इथल्या सगळ्याच शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे, आणि अक्षरे गिरवून घ्यायला मी आहेच. ती माझ्याशी फोनवर अर्धे बंगालीत बोलते, ते कुणी मोडून काढू नये असे मला मनापासून वाटते.

गाडीत नेब्युलायझरवर विसंबू नका. डब्यातले प्लग मोबाइलपुरते असतात आणि रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवतात, असे बाबा सांगतात. निळा पंप आणि त्याला लावायची नळी, म्हणजे स्पेसर, स्वातीच्या पर्समध्ये असू दे. रोजचा दुसरा पंप आवराआवरीच्या गडबडीत एकही दिवस चुकवू नका, आणि तो घेतल्यावर तिला चूळ भरायला लावा. एसी डब्याची खिडकी उघडत नाही म्हणून मिनू कुरकुर करेल, पण भुसावळच्या धुळीत ते बरेच. कल्याणला उतरा, बाबांनी गाडी ठरवली आहे. तुम्ही त्यांच्या पायासाठी परत येत आहात असे त्यांच्यासमोर कुणीही बोलू नये, तूही नाही.

पाहून ठेवलेल्या जागांचे पत्ते मला पाठव. तू येईपर्यंत मी एकेक बघून येते, आणि मी बघितल्याशिवाय अनामत रक्कम कुणाला देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. — मिनूच्या डॉक्टरांकडून दोन्ही पंपांची नावे आणि मात्रा छापील कागदावर घेऊन त्याचा फोटो याच आठवड्यात पाठव. इथल्या मेडिकलवाल्याकडे तेच मिळतात का, हे मला आधी विचारून ठेवायचे आहे.