पक्षी यायच्या आत पानवेली (जलपर्णी) निघाली पाहिजे, मदतीचं कळकळीचं आवाहन

नमस्कार मंडळी, रात्रीचे अकरा वाजलेत आणि सकाळी द्राक्षाची छाटणी आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

जानेवारी २०२० ला आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्याला रामसरचा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, राज्यातलं पहिलं ठिकाण, तेव्हा चापडगावात पेढे कुणी वाटले आठवतंय ना? आपल्या संस्थेच्या अध्यक्ष सरांनी, पेन्शनमधून. डॉ. सालिम अली याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणून गेले हे ऐकून सर सायकल मारत इथं यायला लागले, १९८६ ला अभयारण्य जाहीर व्हायच्या आधीपासून, आणि तेव्हा गळ्यात दुर्बीणसुद्धा नव्हती. अजूनही एखादं पोरगं नुसतं "बदक" म्हणालं की सर जागेवर थांबतात. कुठलं? तलवार का थापट्या? उत्तर आल्याशिवाय पुढं पाऊल नाही.

खजिनदार वहिनींचं काय सांगू. पावतीपुस्तक बिस्किटाच्या डब्यात, दहा रुपयांची पण पावती फाडतात. मागच्या वर्षी हिशोबात ४० रुपये कमी भरले तर दोन दिवस आम्हाला कुणाला झोपू दिलं नाही, शेवटी चहाचे निघाले आणि तो चहा मीच प्यायलो होतो. आणि नाववाले मामा, जन्म मासेमारीत गेला, आता पाहुण्यांना पक्षी दाखवतात. गेल्या हिवाळ्यात तुटक्या जाळ्यात एक वारकरी अडकला होता (पक्षी हो, पंढरीचा नव्हे), मामांनी माझीच छाटणीची कात्री घेऊन एकेक नायलॉनचा दोरा कापला, त्यानं अंगठा फोडला तरी हात ढिला केला नाही, सोडल्यावर म्हणाले, जा बाबा, दिंडी चुकंल तुझी.

ज्यांनी आधी दिलंय त्यांना विसरलो नाही. लासलगावच्या आडतदार शेठनी तीन दुर्बिणी दिल्या त्या शाळेच्या सहलींना अजून चालतात, एकीचा पट्टा तेवढा सुतळीचा आहे. बचत गटाच्या ताईंनी पर्यटकांना पिठलं-भाकरी विकून ११०० रुपये आणून दिले, ते घेताना सरांना बोलताच येईना. गावचा एक इंजिनियर पुण्याहून दर दिवाळीला न चुकता पाठवतो, नाव टाकू नका म्हणतो.

आता जरा मनातलं. मागच्या वर्षी हेच आवाहन टाकलं होतं, ग्रुपवर ७२ अंगठे आले आणि काठावर माणसं आली पाच, त्यातले तिघं आम्हीच. तेच जानेवारीत फोनवर फोन, दादा गाडी घेऊन निघालोय, फ्लेमिंगो कुठं बसलेत. बोलायचं नव्हतं, बोलून गेलो.

यंदा नाशिककडून गोदावरीला वाहत आलेली पानवेली सायखेड्याच्या पुलाला अडकली ते सगळ्यांनी पाहिलं, त्यातली बरीच आता आपल्याकडं येऊन बसलीय. नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यामागं शंभर वर्षं गाळ साठला, बेटं झाली, पाणी उथळ झालं म्हणून तर पक्षी उतरतात, पण सगळं हिरवं झाकलं गेलं तर बदक उतरणार कुठं, आणि खाली उजेड नाही, हवा नाही, मासे गुदमरतात. काढायला सोपी वाटते, ओली पाटी दोघांना उचलत नाही. काढून काठावर टाकली तर पुढच्या पाण्याला परत आत, म्हणून ट्रॅक्टरनं लांब न्यावी लागते. एका मोठ्या कंपनीनं सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) देतो म्हणून तीनदा फोटो मागवले, पुढं फोनच उचलला नाही, तेव्हा आपलं आपणच.

तर नावेची दुरुस्ती, मजुरी, ट्रॅक्टरच्या खेपा, गमबूट आणि विळे धरून ६५ हजार लागतात, जमलेत १८,४००, वनखात्याची परवानगी हातात आहे, मुदत दिवाळीपर्यंत, पैसे फक्त संस्थेच्या खात्यावर (क्यूआर ग्रुपवर पिन केलाय, कुणाच्या पर्सनल नंबरवर टाकू नका, वहिनी ओरडतात), ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी येत्या दोन्ही रविवारी सकाळी सातला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी यावं, जुने कपडे, डबा आणि पाण्याची बाटली आपापली, लहान पोरांना पाण्यात उतरवणार नाही, ट्रॅक्टर असेल तर डिझेल आम्ही भरू, आणि येणार असाल तर अंगठा नको, नाव लिहा, मामांना माणसं किती सांगायची ते कळतं.

आपला,
सचिव