जारवाले मामा, तुमचे दोन रिकामे जार माझ्याकडंच राहिलेत

मामा, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितीये, पण तुमची पोरगी वाचून दाखवील. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

पळण्याच्या स्पर्धेच्या त्या रविवारी पहाटे साडेचारला तुम्हाला फोन केला तेव्हा मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. दौलताबाद रोडला 14 व्या किलोमीटरवरचा वॉटर पॉइंट, म्हणजे पळणाऱ्यांना पाणी द्यायचं टेबल, आमच्याकडं, डिसेंबरची थंडी, मिट्ट काळोख, आणि आमचे निम्मे जार घेऊन टेम्पो भलत्याच पॉइंटला उतरवून गेलेला, त्याचा ड्रायव्हर फोन उचलेना. टेबलाखाली सहा जार फक्त. छावणीच्या पुढं एका भिंतीवर तुमचा नंबर रंगवलेला बघितला होता आदल्या दिवशी, तोच आठवत आठवत लावला, पहिल्यांदा राँग नंबर लागला (त्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या, बरोबरच होतं त्याचं). दुसऱ्यांदा तुम्ही उचलला. "किती पाहिजेत आन कुठं" एवढंच विचारलं. पैसे कोण देणार, कधी देणार, काही नाही.

पावणेसहाला तुमचा छोटा हत्ती आला. मला वाटलं उतरवून जाल. तुम्ही मफलर आवळला आणि आमच्या टेबलाकडं बघत उभे राहिलात, जरा वैतागूनच.

आमची कॉलेजची पोरं ग्लास गच्च भरत होती, काठोकाठ. तुम्ही म्हणालात, "अर्धा भरा रे, पळणारा माणूस दोन घोट पेतो आन फेकतो." ट्रेनिंगमध्ये आम्हाला पण हेच सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि पटलेलं यात फरक असतो. मग तुम्ही सहज बोलून गेलात, की 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा तुमची बहीण तिकडंच होती, तिच्या घरी पाहुण्याला पाण्याचा तांब्या नाही, वाटी द्यायचे. पोरं गपगुमान अर्धे ग्लास भरायला लागली. एका जारमधून दीडशे ग्लास निघायला लागले ना मामा, आधी सत्तर-ऐंशीत संपत होता.

आणि ते ओआरएस! आमच्या हुशार पोरानं वीस लिटरच्या जारमध्ये पाच पुड्या टाकल्या आणि काठीनं ढवळत बसला. तुम्ही पुडी बॅटरीच्या उजेडात धरली, "एक लिटरला एक लिहिलंय की. हा जार कितीचा?" माझंच तोंड पडलं, कारण पॉइंटची इनचार्ज मी. नुसतं पाणीच पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, उलट रक्तातलं सोडियम अजून खाली येतं, माणूस चक्कर येऊन पडतो, हे मला पाठ होतं, पण जारचं गणित कुणीच केलं नव्हतं. उरलेल्या पंधरा पुड्या तुम्ही स्वतः फोडल्या, दातानं. (हे ऑर्गनायझरना सांगितलेलं नाही.)

तुम्ही हे सगळं कुठं शिकलात ते नंतर कळलं. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा दरवर्षी दोन मुक्काम तुम्ही दिंडीला पाणी पुरवता. मग बरोबर. तरी वारकरी थांबून पितो, आमचा रनर थांबत नाही, म्हणून पहिल्या दहा जणांना ग्लास देताना तुमच्या अंगावरच सांडलं. मुठीत धरलेला ग्लास सुटत नाही. अकराव्यापासून तुम्ही तळहातावर ठेवून हात लांब करायला लागलात, आणि पोरं तुमचं बघून तसंच.

उजाडलं, किल्ला दिसायला लागला, गर्दी येऊन गेली. मधला तास कसा गेला आठवत पण नाही. सव्वाआठला आम्ही टेबलं आवरायला घेतली होती, खरं सांगते, थंडीनं आणि भुकेनं जीव गेला होता. तुम्ही एक जार आणि दहा-बारा ग्लास बाजूला काढून ठेवले. "मागं गाडी दिसायली का? नाही ना. मग माणूस यायचाय अजून."

आल्या त्या बाई. पोटरीत गोळा आलेला, लंगडत, मागं स्वीपची, म्हणजे शेवटच्या रनरच्या मागून येणारी गाडी हळूहळू. लांबूनच विचारलं, "पाणी उरलंय का हो?" तुम्ही म्हणालात, "तुमच्यासाठीच ठेवलंय ताई." सोबत रुमालातला गुळाचा खडा दिलात, तुमच्या स्वतःच्या न्याहारीतला. त्या तिथं कठड्यावर बसून रडल्या थोडं, मग उठल्या. मेडल मिळालं त्यांना, कटऑफच्या, म्हणजे स्पर्धा संपवायच्या शेवटच्या वेळेच्या, चार मिनिटं आधी. फिनिशला मला शोधत आल्या आणि म्हणाल्या, ते मफलरवाले काका कुठंयत?

तुम्ही तोवर गेला होतात, दुकानांचे जार टाकायला उशीर झाला म्हणून. स्टेजवर आमच्या सगळ्यांचे फोटो निघाले, त्यात तुम्ही नाही, याची मला लाज वाटते. व्हॉलंटियरचा टीशर्ट तुमच्यासाठी ठेवलाय, एक्सएलच उरलाय, मफलरवरून बसेल.

पैसे तुम्ही फक्त पाण्याचे घेतले. एक जार आमच्याकडून फुटला त्याचं नावपण काढलं नाही, ते मी जोडून देणार, नाही म्हणू नका. आणि दोन रिकामे जार माझ्या पार्किंगमध्ये पडलेत. बुधवारी सकाळी घेऊन येते, चहा ठेवा.